सांधीतला कापूस

१

वैशाखात लाकूड आटतं, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चौकटी सैल होतात, कड्या खुळखुळतात, आणि दाराच्या फटीतून शेजारच्या घरी भाजी कसली शिजते तेसुद्धा दिसतं. त्यामुळे आसेगावच्या अलीकडच्या तांड्यात राहणाऱ्या हेमसिंगच्या घरचं दार ऐन वैशाखात फुगून चौकटीत अडकलं, तेव्हा त्याने आधी स्वतःलाच शिवी दिली. म्हातारपणी हातातला जोर गेला आणि खापर दारावर फोडायचं, असा त्याचा पहिला समज.

हे दार घराला मागून जोडलेल्या लाकडी खोलीचं. खोली त्याने स्वतः बांधलेली, पोरगा बादल आणि सून चंदा यांच्यासाठी. भिंती ऐनाच्या जाड फळ्यांच्या, वर पत्रा. गेल्या उन्हाळ्यात ती खोलीही इतर घरांसारखीच आटली होती. फळ्यांच्या सांधी उघडल्या होत्या आणि हेमसिंगने रोज सकाळी चहा झाला की त्यांत कापूस भरून धूळ अडवली होती. यंदाही तो कापूस, मोगरी आणि बोथट छिन्नी घेऊन बसला, तर भरायला फटच नाही. सगळ्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या.

"काहून थांबले?" त्याची बायको रामीबाई चुलीपासून ओरडली.

"फुगलं हाये."

"काय फुगलं?"

"लाकूड."

"उन्हानं डोस्कं फुगलं तुमचं," रामीबाई म्हणाली. मग मात्र ती पदराला हात पुसत आली, तिने दार ढकलून पाहिलं, मग खांदा लावून पाहिलं.

२

बादल दिवाळीनंतर समुद्रावर गेला होता तो परत आलेला नव्हता.

आता, वाशीम जिल्ह्यातल्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध कापसाचा. कोकणातल्या एका खाडीवर लाकडी नावा बांधायचा जुना कारखाना होता. नाव बांधताना दोन फळ्यांच्या सांधीत तेलात भिजवलेल्या कापसाचा पीळ ठोकून भरतात आणि वर राळ चढवतात. ते नीट झालं तर नाव तरते, नाही तर सुतारकामाची सगळी शोभा तळाला जाते. कुण्या जुन्या मालकाच्या ध्यानात आलं की कापसाच्या मुलखातल्या माणसांची बोटं या कामात बसतात. तेव्हापासून तांड्यातली माणसं ज्वारी निघाली की खाडीवर जात आणि पाऊस लागायच्या आत परत येत. गावच्या तळ्यापेक्षा जास्त पाणी न पाहिलेल्या माणसांनी समुद्र अडवून धरला, यात हेमसिंगला फार मोठेपणा वाटे. दोन घोट पोटात गेले की तो ते जरा जास्तच सांगे.

त्याच्या उमेदीत तिथे शिडाच्या नावा होत. मग इंजिनाच्या आल्या, पोट रुंद आणि नाक वर. खाडीकाठी नेहमी चार-दोन सांगाडे उभे असत, ओल्या भुशाचा आणि राळेचा वास असे. मग फायबरच्या बोटी आल्या. त्यांना सांधाच नाही, तर कापूस कुठला? एकेक करून सांगाडे कमी झाले. शेवटी एकाच जातीची, एकाच ओंडक्यांतून कापलेली दोन नावांची लाकडं उरली. एक नाव पुरी झाली आणि विकली गेली. दुसरी अर्ध्यात राहिली, मालकाने कारखान्याला कुलूप लावलं आणि तिच्या फळ्या कामकऱ्यांना नेऊ दिल्या. हेमसिंगने ट्रकवाल्याच्या हातापाया पडून आपल्या वाट्याच्या तांड्यात आणल्या. त्यांचीच ही खोली.

बादल पुऱ्या झालेल्या नावेवर खलाशी म्हणून लागला. तिचे सांधे बापलेकांनी मिळून भरले होते. पोरगा म्हणाला, "बा, आपन भरलेल्या नावेत बसून तर पाहू एकदा." पहिल्या वर्षी पावसाळ्यात तो घरी आला, काळा ठिक्कर, चंदासाठी शिंपल्याची माळ घेऊन. दुसऱ्या वर्षी नाव निघाली आणि नाव हाकणाऱ्या तांडेलासकट, सगळ्या माणसांसकट दिसेनाशी झाली. शोध झाला. वरून विमानं फिरली म्हणे. एक फळी, एक डबा, एक चप्पल कुणाला सापडली नाही.

लोक म्हणाले, पिठाचा पुतळा करून जाळा, पोराला वाट मिळू द्या. रामीबाईने परात उचलून सांगणाऱ्याच्या अंगावर फेकली होती.

३

दार फुगल्यावर हेमसिंगने शहाण्या माणसासारखा विचार केला. नळ फुटला असेल, पण तांड्यात नळच नव्हता, हातपंप होता आणि तोही दोन शेतं पलीकडे. वाळवी म्हणावी तर वाळवीने लाकूड पोकळ होतं, फुगत नाही. त्याने भिंतीच्या बुडाशी कुदळ मारली. माती भाजलेल्या विटेसारखी कोरडी निघाली.

मग भिंतीवर ओल दिसली. पायापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत, एका सरळ रेषेत. रेषेच्या खाली फळ्या काळ्या, वर पांढुरक्या. हेमसिंगने ती रेषा ओळखली. नाव पाण्यात उतरवली की तिच्या अंगावर पाण्याची खूण जिथे बसते, तिथेच ती होती.

त्याने बोट लावून जिभेला टेकवलं. खारट.

"जुनं मीठ असन लाकडात," तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. "ओल धरते मीठ." पण या फळ्या कधी समुद्रात गेल्याच नव्हत्या, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? आणि ओल धरायला हवेत ओल हवी ना. बाहेर तर कावळे चोच उघडी टाकून बसले होते.

तो तसाच उकिडवा बसला होता, तेव्हा आतून कुणीतरी फळी ठोकली.

जोरात नाही. मुठीच्या हाडाने ठोकल्यासारखी, एकाच जागी, थांबून थांबून. हेमसिंग उठला, दाराला खांदा देऊन आत गेला. खाट, चंदाची पेटी, खुंटीवरचे कपडे. माणूस नाही. आणि आत उभं राहिलं की तेच ठोकणं बाहेरून ऐकू येत होतं.

नावेचं काम करणाराला हे ठोकणं काय ते सांगावं लागत नाही. एक जण नावेच्या पोटात बसतो, दुसरा बाहेर. जिथे कापूस कमी पडला, पाणी झिरपतंय असं वाटलं, तिथे आतला ठोकतो. बाहेरचा तेवढ्या जागी कापूस भरतो. आतला गप्प झाला की सांधा झाला. हेमसिंग आणि बादल यांनी किती नावा अशा एकमेकांचं तोंड न पाहता पुऱ्या केल्या होत्या.

म्हाताऱ्याने विचार करणं सोडलं. ठोकलं जात होतं तिथे छिन्नी मारून सांध उकलली, कापूस तेलात भिजवून पीळ केला, आणि भरला. ठोकणं थांबलं. हेमसिंग भिंतीला कपाळ लावून लहान पोरासारखा रडला.

४

त्या दिवसापासून घरात उभारी आली. सांगू नये, पण खरं आहे. रामीबाई कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

"लाकूड फुगलं म्हंजे नाव पान्यात हाये," हेमसिंग तिला समजावी. "अन् रेघ कमरेएवढीच हाये, म्हंजे तरंगून राह्यली. बुडाली असती तं वरपर्यंत भिजलं असतं."

"अन् तो ठोकून राह्यला."

"तो ठोकून राह्यला."

"मंग भरा ना, माय! बसले कायले?"

हेमसिंग भरत होता. घरातला सरकी काढून ठेवलेला कापूस संपला, रामीबाईने गादी उसवली. ठोकणं दुपारी सुरू होई, सगळा तांडा उन्हाला भिऊन घरात निजलेला असे तेव्हा. आधी एका जागी, मग दोन, मग कधी भिंतीच्या या टोकाला तर कधी त्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. शेजारी समजले, पोराच्या दुःखाने म्हातारा भ्रमला. बिचारे जाता-येता काही बोलत नसत, आणि त्यांना भिंतीतलं काही ऐकूही येत नसे.

आनंदात एक गोष्ट दोघांच्याही डोळ्यांआड राहिली. चंदा अजून त्याच खोलीत झोपत होती.

आधी तिच्या केसांना ओल दिसली. घाम असेल, इतक्या उन्हात कुणाला येत नाही? मग ती पाणी पिईना, म्हणे तोंड खारट होतं. एकदा भाकरी वाढताना हेमसिंगची नजर तिच्या हातांवर गेली. तळवे पांढरे पडलेले आणि बोटांना सुरकुत्या, दिवसभर नदीवर धुणं धुतल्यावर पडतात तशा. आणि त्या दिवशी धुणं रामीबाईने धुतलं होतं.

"चंदा, पोरी, आजपासून तू अंगनात झोप," तो म्हणाला.

चंदाने मान हलवली. "मी आत असलो का तो ठोकत नाई, मामाजी. मंग तुमचाबी हात थांबते जरासा."

"मले हाताचं काय पडलं?"

"त्याले बी आराम भेटत असन ना," ती म्हणाली, आणि ताट उचलून गेली.

रामीबाईने ऐकलं होतं. ती सासू होती पण आधी आई होती, आणि आईचा लोभ वाईट. "राहू द्या तिले आत," ती हळूच म्हणाली. "तिच्यानं थांबते तं राहू द्या." हेमसिंगने बायकोकडे पाहिलं. तिला रागे भरावं असं त्याच्या मनात आलं, पण तोच लोभ त्याच्याही पोटात होता. त्याने पुढचा पीळ वळायला घेतला.

५

चंदाचा भाऊ मुन्ना केनवडला राहत असे. तो बहिणीला भेटायला मोटरसायकलवर आला आणि तिला पाहून दारातच थबकला.

"हे काय झालं हिचं?" तो म्हणाला. "हेमसिंगमामा, मानूस गेला, दुःख हाये, समजतो मी. पन जित्या मानसाले कायले मारता?"

"माहा पोरगा गेला नाई," रामीबाई कडाडली.

"मंग कुठी हाये?"

तिने खोलीकडे बोट केलं. मुन्ना आत जाऊन आला. त्याला रिकामी खोली दिसली, ओली भिंत दिसली. "मोरी फुटली असन कुठी," तो म्हणाला. तांड्यात मोरी कुणाकडे होती? पण माणूस आपल्याला समजेल तेच पाहतो. मग तो बहिणीजवळ बसला आणि त्याचा आवाज एकदम बदलला. "चल घरी, बाई. माय वाट पाहून राह्यली. चार दिवस राह्य, मंग वाटलं तं येजो परत."

रामीबाई आडवी आली. चंदा गेली की ठोकणं आवरणार नाही, हे ती बोलली नाही, पण हेमसिंगला ते कळलं. तिने त्याच्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की जणू लग्न झाल्यापासून तिने त्याच्याकडे काही मागितलं असेल तर एवढंच.

एका बाजूला पोटचा पोरगा, न दिसणारा. दुसऱ्या बाजूला परक्याची पोर, समोर बसलेली, ओठ फुटलेले, दुपारच्या उन्हात थंडीने कुडकुडणारी.

"जा तू, चंदा," हेमसिंग म्हणाला. "मी हाये ना इथी. मी एकटा भरन."

रामीबाई वाटेतून बाजूला झाली. चंदाने दोघांच्या पायाला हात लावला. "कपडे घेऊन येतो," ती म्हणाली. "अन् त्याले सांगून येतो." ती खोलीत गेली आणि तिच्यामागे दार आपोआप लागलं.

६

बराच वेळ झाला तरी ती येईना. मुन्नाने हाक मारली. आतून उत्तर आलं नाही, खोकला आला. घशात पाणी गेल्यावर माणूस खोकतं तसा, कोंडलेला, मध्येच तुटणारा.

मुन्नाने दाराला लाथ घातली. दार चौकटीत खिळल्यासारखं बसलं होतं. हेमसिंगने पाहिलं. भिंतीवरची ओलीची रेषा वर चढत होती. कमरेपासून छातीपर्यंत, छातीपासून गळ्यापर्यंत, आणि कोरडी फळी त्याच्या डोळ्यांदेखत काळी होत होती.

"पहार आना!" मुन्ना ओरडला.

पहारीने फुगलेली फळी हलत नाही. दोन्ही बाजूंच्या सांधी मोकळ्या केल्या तरच ती निघते. हेमसिंगला ते ठाऊक होतं. भरलेला कापूस काढावा लागणार होता, आणि तो त्याने आपल्या हाताने भरला होता. तो भिंतीशी गेला. ठोकणं सुरू झालं होतं, पण आज ते थांबून थांबून नव्हतं. बरोबर त्याच्या हातासमोर, घाईघाईने, फळीच्या दोन्ही अंगांना. इथे भर, बा. इथे भर.

आणि त्याच भिंतीवर जरा खाली चंदाच्या बांगड्या आपटत होत्या.

"काढू नोका!" रामीबाई मागून त्याला धरत म्हणाली. "त्याचा जीव हाये त्याच्यात! हेमसिंग, काढू नोको!" उभ्या जन्मात तिने नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती.

हेमसिंगने छिन्नीच्या टोकाने कापसाचं तोंड उचललं आणि ओढलं. पीळ हातभर बाहेर आला, ओला, जड. मग अडकला. त्याने जोर केला. पलीकडून कुणीतरी तो आत ओढला.

भास म्हणावा तर त्याचा तळहात पिळाने कापला. त्याने फळीला पाय लावला. क्षणभर दोघेही ओढत होते, तो बाहेर आणि ते जे होतं ते आत, आणि दोन्हीकडचा जोर सारखाच होता. सांध उघडली होती बोटभर. तीतून थंड वारा येत होता. फटीत हेमसिंगला पलीकडून कापूस दाबून धरलेला एक अंगठा दिसला. फक्त अंगठा. पांढरा फटक, फुगलेला, आणि त्याला नख नव्हतं.

आतला खोकला थांबला. बांगड्याही थांबल्या.

"बादल," हेमसिंग म्हणाला, "पोरगी मरून राह्यली रे."

पीळ सैल पडला. एकदम, सोडून दिल्यासारखा. अख्खा कापूस त्याच्या अंगावर आला आणि तो मागे आपटला. मुन्नाने पहार घातली, फळी करकरत निघाली आणि चंदा बाहेर कोसळली. नखशिखांत निथळत होती. तिच्यामागे खोलीची जमीन कोरडी ठणठणीत होती. खाटेवर धुळीचा थर तसाच होता.

७

संध्याकाळपर्यंत फळ्या आटल्या. ताडताड आवाज करत एकेक सांध उघडली, आणि मावळतीचं ऊन खोलीत पट्ट्यापट्ट्यांनी पडलं, गेल्या वैशाखात पडे तसं. रामीबाई अंगणात बसून ते आवाज ऐकत होती. शेवटचा आवाज झाल्यावर ती उठली, घरात गेली, आणि परातीत पीठ घेऊन बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. पुतळा तिनेच केला, नाक-डोळे तिनेच काढले. त्याचे हात करताना मात्र तिला आवरेना. पीठ तिच्या आसवांनी भिजलं आणि दुसरं मळावं लागलं.

मुन्ना सगळ्यांना सांगत होता, उन्हाचा झटका होता, अंगाला घाम फुटला होता. कुणी नाही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, चंदा निघाली. तिच्या हातांवरच्या सुरकुत्या गेल्या होत्या, ओठांना रंग आला होता. मोटरसायकलपाशी जाऊन ती परत फिरली आणि हेमसिंगजवळ आली.

"मामाजी, तुमी ओढला म्हनून नाई सुटला तो," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन्ही हातानं सांध धरून उभा होता तो, मायाकडं पाठ करून. पानी माया नाकातोंडात गेलं तवा त्यानं फिरून पाह्यलं. मंग सोडला."

 हेमसिंगने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रामीबाई कधी जवळ येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. तिने सुनेचं मनगट धरलं.

"तुयाकडं पाह्यलं त्यानं?"

"हो, आत्याबाई."

"तोंड पाह्यलं तू त्याचं?"

चंदाने मान खाली घातली. "पाह्यलं."

"कसा दिसे, माय?" रामीबाईने विचारलं. "वाळला होता का लय? सांग ना. कसा दिसे माहा लेक?"

चंदाने तिच्या हातावर आपला हात ठेवला. मग तिने सासूच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"चांगला दिसे, आत्याबाई," ती म्हणाली. "गेलता तसाच."

रामीबाईने तिला पोटाशी धरलं. हेमसिंग वळला आणि भिंतीतून निघालेली फळी उचलून गोठ्याकडे घेऊन गेला.